स्टिअरिंग कुठल्या बाजूला आहे ते आधी बघा

गेल्या अंकात मी परदेशी जाताना घरातलं सामान काय न्यावं, काय ठेवावं यावर लिहिलं होतं आणि शेवटी एका ओळीत म्हणालो होतो की गाडीचं प्रकरण वेगळंच असतं, ते पुन्हा कधीतरी. त्या एका ओळीवरच सगळ्यात जास्त पत्रं आली. जुळे सोलापूर, होटगी रोड, बार्शी, पार अक्कलकोटहून सुद्धा. मी न्हावा शेवा बंदरात कस्टम क्लिअरिंगच्या कामात बरीच वर्षं काढली आणि २०१३ साली पर्थला राहायला जाताना स्वतःची गाडी घेऊन गेलो, त्यामुळं हा सगळा प्रकार काउंटरच्या दोन्ही बाजूंनी बघितलाय. बहुतेकांनी नाव छापू नका असं लिहिलंय म्हणून फक्त गाव नाहीतर पेठ देतोय.

प्रश्नांकडं जायच्या आधी एकच सांगतो. बहुतेक पत्रांत पहिला प्रश्न जहाजाचं भाडं किती असा आहे. भाडं शेवटी विचारायचं. आधी त्या देशाला विचारायचं की बाबा, ही गाडी तू आत घेणार का, आणि त्याचा होकार कागदावर हातात आल्याशिवाय गाडी सोलापूरच्या बाहेर काढायची नाही. मी बंदरावर अडकलेल्या जेवढ्या गाड्या बघितल्या त्यात भाडं परवडलं नाही म्हणून अडकलेली एक पण नव्हती, सगळ्या कागदावाचून अडकलेल्या होत्या.

दादा, अबुधाबीला नोकरी लागलीय, दोन महिन्यांत जॉइन व्हायचंय. दीड वर्षापूर्वी घेतलेली क्रेटा आहे, हप्ते अजून साडेतीन वर्षांचे बाकी आहेत. तिकडं गाडी घ्यायची म्हणजे परत कर्ज, म्हणून हीच नेली तर? जहाजाचं भाडं मला परवडेल. (विजापूर रोड, सोलापूर)

नका नेऊ. हे माझं मत म्हणून सांगत नाही, ती गाडी तिथं तुमच्या नावावर रजिस्टरच होणार नाही. आपण डाव्या बाजूनं गाडी चालवतो म्हणून आपलं स्टिअरिंग उजवीकडं असतं, आखातात सगळं उलट आहे, आणि अमिरातीत किंवा सौदीत उजव्या स्टिअरिंगच्या गाडीला कायमचा नंबर देत नाहीत. तुम्ही म्हणाल की मी दुबईच्या रस्त्यावर महाराष्ट्राची नंबर प्लेट बघितलीय. बरोबर आहे, ते लोक कार्नेवर गेलेले असतात, म्हणजे फिरायला म्हणून काही महिन्यांसाठी नेलेली आणि परत आणायची कबुली दिलेली गाडी. पाहुणा म्हणून चालतं, रहिवासी म्हणून नाही चालत.

आता हप्त्याचं. गाडी बँकेकडं गहाण आहे, बँकेच्या एनओसीशिवाय ती देशाबाहेर नेताच येत नाही, त्यामुळं दुसरा कुठला देश असता तरी तुम्हाला आधी कर्ज फेडून फॉर्म ३५ वर बँकेची सही घेऊन आरसीवरचा बोजा उतरवावाच लागला असता. गाडी विका, कर्ज मिटवा, आणि हे मनावर घ्या, ट्रान्सफर स्वतःच्या डोळ्यासमोर करून जा. घाईत मित्राला किंवा डीलरला चावी देऊन मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून विमानात बसणारे खूप आहेत. मागं त्या गाडीनं कुणाला उडवलं तर नोटीस तुमच्या घरी येते, आईवडिलांच्या हातात पडते. सुप्रीम कोर्टानं २०१८ च्या एका निकालात स्पष्ट सांगितलंय की आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, गाडी विकली होती म्हणून सुटका नाही. दोन महिने आहेत तुमच्याकडं, पुरेसे आहेत, पण आजच सुरुवात करा.

आणि लायसन्स. इंटरनॅशनल परमिट काढून वर्षभर चालवू असं डोक्यात असेल तर ते पाहुण्यांसाठी असतं, तुमचा रेसिडेन्स व्हिसा लागला की तिथलंच लायसन्स लागतं आणि भारतीय लायसन्सवर ते सरळ बदलून मिळत नाही, टेस्ट द्यावी लागते. पहिले काही महिने गाडीविना जाणार हे धरूनच घर बघा.

आम्हा दोघांना ऑस्ट्रेलियाची पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, मिळालीय, मेलबर्नला जाणार आहोत. चार वर्षं वापरलेली ब्रेझा आहे, एकदम कंडिशनमध्ये. मुंबईचा एक एजंट म्हणतो की गाडी आधी लोड करू, परवानगी जहाज पोचेपर्यंत येते. मिस्टर तयार आहेत, मला भीती वाटते. (जुळे सोलापूर)

ताई, तुमची भीती खरी आहे, मिस्टरांना हे वाचायला द्या. ऑस्ट्रेलियात इम्पोर्ट अप्रूव्हल गाडी जहाजात चढायच्या आधी हातात पाहिजे. त्यांचा नवा कायदा १ जुलै २०२१ पासून लागू आहे, अर्ज रोव्हर नावाच्या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन करायचा. अप्रूव्हल नसताना गाडी पोचली तर ती बंदरातून बाहेर येत नाही, तिथं रोजचं भाडं चढत राहतं आणि शेवटी एकतर स्वतःच्या खर्चानं परत पाठवायची नाहीतर नष्ट करायला द्यायची. एजंटचं त्यात काही जात नाही, त्याचा चेक आधीच वटलेला असतो.

तुम्ही ज्या वाटेनं जाणार ती पर्सनल इम्पोर्टची वाट. त्यात गाडी परदेशात असताना सलग किमान १२ महिने तुमच्या मालकीची आणि तुमच्या वापरात असायला हवी आणि तुम्ही तिथले नागरिक किंवा पीआरवाले असायला हवेत. चार वर्षं वापरलीय म्हणजे झालं असं वाटतं, पण आरसी काढून बघा नाव कुणाचं आहे. आपल्याकडं गाडी सुनेनं चालवलेली असते आणि आरसीवर सासऱ्यांचं नाव असतं, पैसे मुलानं भरलेले असतात आणि गाडी आईच्या नावावर असते कारण तेव्हा मुहूर्तावर आईच्या हातानं घ्यायची होती. अर्ज करणारा आणि मालक एकच लागतो. आत्ता नाव बदललं तर १२ महिने तिथून मोजायचे. वापराचा पुरावा म्हणून विमा पॉलिसी, सर्व्हिसची बिलं, पीयूसी, फास्टॅगचं स्टेटमेंट सगळं जपून ठेवा, पुण्याच्या टोलच्या नोंदी सुद्धा कामाला येतात.

मग साफसफाई. हे मी जरा सविस्तर सांगणार आहे कारण माझी गाडी यावरच अडकली होती. ऑस्ट्रेलिया माती, बी, कीड या बाबतीत फार कडक आहे आणि आपली सोलापूरची गाडी म्हणजे काळ्या मातीत फिरलेली गाडी. ती माती कशी असते तुम्हाला माहितीच आहे, पावसाळ्यात एकदा शेतरस्त्यानं गेलं की मडगार्डच्या आत लिंपल्यासारखी बसते आणि वाळली की दगड. मी न्यायच्या आधी चांगल्या सेंटरला दोनदा वॉश केली होती, वरून आरशासारखी चमकत होती. फ्रीमँटलच्या, म्हणजे पर्थच्या, बंदरात त्यांच्या माणसानं खालून टॉर्च मारला आणि सस्पेन्शनच्या खोबणीतून मातीचं ढेकूळ काढून दाखवलं. पुढं डिकी उघडली, स्पेअर व्हीलची टोपी उचलली आणि खाली ज्वारी. मंगळवेढ्याहून दर वर्षी मालदांडीची पोती डिकीत घालून आणायचो, त्यातले दाणे सांडून रबराच्या पट्टीखाली, सीटच्या रेल्समध्ये, कुठं कुठं जाऊन बसले होते. माझ्यासाठी ती घरची ज्वारी होती, त्यांच्यासाठी ती खापरा भुंगेऱ्याची भीती. हा धान्यातला किडा त्यांच्या देशात नाही आणि येऊ नये म्हणून ते जिवापाड जपतात, भारतातून येणाऱ्या मालाकडं याच कारणानं जास्त बारकाईनं बघतात. गव्हाच्या देशाला ते करावंच लागणार, माझा त्यांच्यावर राग नाही. पण गाडी परत धुवायची, परत तपासायची, त्याचे पैसे आणि तेवढ्या दिवसांचं बंदराचं भाडं, सगळं माझ्या खिशातून गेलं.

तेव्हा गाडी नेणार असाल तर सीट काढून व्हॅक्यूम करून घ्या, कार्पेट उचला, लिफ्टवर चढवून खालून प्रेशरनं धुवा, रेडिएटरच्या जाळीतले किडे, वायपरखालची कडुलिंबाची पानं, दाराच्या खालच्या भोकातली माती सगळं काढा. आणि धुतल्यानंतर गाडी चालवत मुंबईला नेऊ नका, ट्रेलरवर टाका, नाहीतर इथून न्हावा शेवापर्यंतचे चारशे किलोमीटर परत सगळं चिकटवतात.

अजून एक गोष्ट एजंट सांगत नाही ती ॲस्बेस्टॉसची. ऑस्ट्रेलियात २००३ च्या शेवटापासून ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आहे, आणि ब्रेक पॅड, क्लच प्लेट, गॅस्केट यात ते असू शकतं, विशेषतः बाहेरच्या गॅरेजमध्ये स्वस्तातले पॅड टाकले असतील तर. कंपनीचे पार्ट टाकल्याची बिलं असली तर दाखवायला काहीतरी राहतं, नाहीतर टेस्ट करा म्हणतात.

ब्रेझा चार मीटरच्या आतली आहे, वीस फुटी कंटेनरमध्ये आरामात बसते, आतली लांबी जवळपास ५.९ मीटर असते. बॅटरीची वायर काढलेली, टाकीत पेट्रोल अगदी थोडं, चाकांना ठोकळे लावून बेल्टनं जखडलेली. ते लाकडी ठोकळे सुद्धा प्रक्रिया केलेले आणि शिक्का असलेले लागतात, साध्या वखारीतलं लाकूड लावलं तर परत तोच किडीचा प्रश्न. उरलेल्या जागेत चादरी भांडी भरायची असतील तर एकेका वस्तूची यादी द्या, मोघम 'घरसामान' लिहू नका.

तिथं पोचल्यावर कस्टम ड्युटी लागली तर साधारण ५ टक्के, त्यावर १० टक्के जीएसटी आणि तो भाडं नि विमा धरून काढतात, मग बंदराचे चार्जेस, मग राज्याची तपासणी, मग नंबर. एजंटचं कोटेशन बहुतेक वेळा पोर्ट टू पोर्ट असतं, म्हणजे यातलं काहीच त्यात नसतं. हे सगळं बेरीज करून बघा, ताई. माझी बेरीज मी नंतर केली, त्या पैशात तिथं तसलीच सेकंड हँड गाडी दारात उभी राहिली असती. तुमच्या ब्रेझाला सोलापुरात आज चांगला भाव आहे. मी तुमच्या जागी असतो तर विकली असती.

मी आणि माझी बायको दोघंही नर्स, लंडनजवळ नोकरी मिळालीय. डिझेल नेक्सॉन आहे, २०२२ ची. तिकडं पण आपल्यासारखंच डावीकडून चालवतात तर मग अडचण काय? एकाच देशाबद्दल दोन वेगळी मतं ऐकायला मिळतात. (अशोक चौक, सोलापूर)

दोन्ही मतं अर्धी अर्धी बरोबर आहेत म्हणून तुमचा गोंधळ झालाय. ब्रिटन हा गाडी नेण्यासाठी त्यातल्या त्यात सरळ देश आहे. ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स म्हणून सवलत आहे, तुम्ही किमान १२ महिने ब्रिटनबाहेर राहिलेले असाल आणि गाडी किमान ६ महिने तुमच्या मालकीची नि वापरातली असेल तर ड्युटी आणि व्हॅट दोन्ही माफ होतं, नाहीतर १० टक्के ड्युटी आणि २० टक्के व्हॅट, म्हणजे ही सवलत सोडायची नाही. अर्ज जायच्या आधी करायचा, त्यात गाडीचा उल्लेख करायचा. आणि एकदा माफी घेतली की १२ महिने ती गाडी विकायची नाही, भाड्यानं द्यायची नाही, उसनी पण द्यायची नाही. आपल्याकडं रूममेटला चावी द्यायला आपण विचार करत नाही, तिथं करा. गाडी पोचली की १४ दिवसांच्या आत टॅक्स खात्याला कळवावं लागतं, ते झाल्याशिवाय नंबर मिळत नाही.

अर्धं अवघड ते पुढं आहे. १० वर्षांच्या आतली आणि युरोपचं अप्रूव्हल नसलेली गाडी असेल तर एकेक गाडी तपासून पास करतात. स्पीडोमीटर मैलांत दिसायला हवा, मागचा फॉग लॅम्प हवा, काचांपासून धुरापर्यंत सगळं बघतात. तुमची नेक्सॉन तिथं कंपनी विकतच नाही, त्यामुळं मेकॅनिक पहिल्यांदाच ती गाडी बघणार, पार्ट इथून मागवावा लागणार, आणि विमा. विमा हा खरा मुद्दा आहे दादा. तिथल्या विमा कंपन्यांच्या यादीत मॉडेलच नसलं की बऱ्याच जणी नाही म्हणतात आणि ज्या हो म्हणतात त्या भरपूर पैसे घेतात, त्यात तुमचं लायसन्स भारताचं. ते लायसन्स तिथं पहिले १२ महिनेच चालतं, त्याच्या आत थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही टेस्ट द्याव्या लागतात, बदलून मिळणाऱ्या देशांच्या यादीत आपण नाही. लंडनमध्ये रोज गाडी नेणार असाल तर डिझेल गाडी युरो ६ या धुराच्या मानकाची पाहिजे, नाहीतर दिवसाला साडेबारा पौंड भरावे लागतात. तुमची बीएस ६ आहे, पण ते त्यांच्या सिस्टिमला कागदानं पटवून द्यावं लागणार.

दोघंही शिफ्टमध्ये काम करणार, नवीन देश, पहिल्याच हिवाळ्यात या तपासण्यांच्या मागं धावणार कोण? गाडी नेऊ नका. पण एक काम जाण्याआधी नक्की करा, इथल्या विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र इंग्रजीत लेटरहेडवर घ्या. काही कंपन्या ते मानतात आणि पहिल्या वर्षाचा हप्ता बऱ्यापैकी उतरतो. फुकट मिळतं ते पत्र, फक्त मागावं लागतं.

माझ्याकडं १९९४ ची ॲम्बेसेडर आहे, वडिलांची. मुलगा न्यूजर्सीत असतो, त्याला ती तिकडं पाहिजे. लोक म्हणतात अमेरिकेत परदेशी गाडी घेतच नाहीत. (बाळीवेस, सोलापूर)

काका, तुमच्या गाडीला घेतात! नवी गाडी असती तर मी नाही म्हणालो असतो, कारण अमेरिकेच्या सेफ्टी नियमात न बसणारी गाडी कायमची नेता येत नाही. पण उत्पादनाला २५ वर्षं पूर्ण झाली की ते सेफ्टी नियम लागत नाहीत, आणि धुराच्या नियमातून २१ वर्षांनंतर सूट आहे, फक्त इंजिन मूळचंच पाहिजे. आता ॲम्बेसेडरमध्ये लोकांनी कुठली कुठली इंजिनं बसवलेली असतात, तेव्हा चासी नंबर, इंजिन नंबर आरसीशी जुळतात का ते मळ पुसून नीट बघा. वर्षाचा नाही, उत्पादनाच्या महिन्याचा हिशोब धरतात, तुमची त्यात सहज बसते. कॅनडात हीच मर्यादा १५ वर्षं आहे. उजवं स्टिअरिंग असलं तरी जुन्या गाडीला अमेरिकेत चालतं, फक्त मुलाला त्याच्या राज्याच्या मोटार खात्यात आधी विचारून घ्यायला सांगा. उत्तरपाऱ्याचा कारखाना २०१४ ला बंद पडला, ही गाडी आता परत होणार नाही. मुलगा सांभाळणार असेल तर पाठवा. मला मनापासून आनंद वाटला तुमचं पत्र वाचून.

भाऊ सिंगापूरहून कायमचा परत येतोय, तिकडची होंडा सोबत आणायचं म्हणतोय, स्टिअरिंग पण उजवीकडंच आहे. गाडी पाच वर्षांची आहे. (होटगी रोड, सोलापूर)

पाच वर्षांची आहे म्हटल्यावर विषय संपला. वापरलेली गाडी भारतात आणायची तर उत्पादनापासून ३ वर्षांच्या आतली पाहिजे, स्टिअरिंग उजवीकडं, स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये, हेडलाइटचा झोत डावीकडून चालणाऱ्या ट्रॅफिकचा, आणि ती फक्त मुंबई बंदरातूनच येऊ शकते. तीन वर्षांच्या आतली असती तरी ड्युटी आणि जीएसटी मिळून गाडीच्या किमतीच्या दुपटीच्या वर टॅक्स बसतो, म्हणजे दहा लाखांची गाडी सोलापुरात तीस लाखाच्या पुढं पडते. भावाला सांगा तिथंच काढून टाक, सिंगापूरला गाडी रद्द करताना उरलेल्या सीओईचे, म्हणजे तिथं गाडी ठेवायच्या परवान्याचे, पैसे परत मिळतात, ते आणि गाडीची किंमत मिळून इथं नवी गाडी येईल. बाकी अमेरिकेहून येणाऱ्यांचा प्रश्नच नाही, डावं स्टिअरिंग इथं चालत नाही. तीन पत्रं टेस्लावर आली होती त्यांना हेच उत्तर.

कार्ने म्हणजे नेमकं काय? मित्रांबरोबर गाडीनं आफ्रिका फिरायचा विचार आहे. (बार्शी)

गाडीचा पासपोर्ट समजा. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन देते, एक वर्ष चालतो, प्रत्येक देशाच्या सीमेवर आत जाताना पानाचा एक तुकडा आणि बाहेर पडताना दुसरा तुकडा शिक्का मारून फाडून घेतात. गाडी परत आणणार याची हमी म्हणून गाडीच्या किमतीवर नि देशांवर हिशोब करून बँक गॅरंटी नाहीतर डिपॉझिट ठेवावं लागतं. बाहेर पडतानाचा शिक्का एका जरी ठिकाणी राहिला तरी ते डिपॉझिट अडकतं, त्यामुळं ग्रुपमधल्या एकाच माणसाकडं हे काम द्या आणि तो झोपेत असला तरी सीमेवर उठवा. तुमचं इंटरनॅशनल परमिट आरटीओतून निघतं, तेही एकच वर्षाचं. राहायला जाणाऱ्यांना कार्ने कामाचा नाही हे मात्र परत सांगतो, दोन एजंट लोकांना तो सांगून फसवतायत असं पत्रांवरून दिसतंय.

काका, मी चोवीस वर्षांची आहे. ऑकलंडला शिकायला आणि मग तिथंच राहायला जाणार. बाबा मागच्या दिवाळीत गेले. त्यांची २०१२ ची वॅगन आर आहे, मी त्यातच गाडी शिकले, गड्ड्याच्या जत्रेला आम्ही सगळे त्यातच जायचो. आई म्हणते विकून टाक, मला नाही विकवत. ती न्यूझीलंडला नेता येईल का? खर्च कितीही झाला तरी चालेल. (सिद्धेश्वर पेठ, सोलापूर)

बाळा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग एक दिवस बाजूला ठेवलं.

न्यूझीलंडला डावीकडूनच चालवतात, स्टिअरिंगचा अडथळा नाही. पण तिथं गाडी रस्त्यावर यायची तर समोरून धडक बसली तर आतल्या माणसाचं काय होईल याच्या मानकापासून धुरापर्यंत सगळ्यात बसते हे कागदानं सिद्ध करावं लागतं, आणि २०१२ सालच्या आपल्या छोट्या गाड्यांना तसले कागद मिळणं फार अवघड आहे. गाडी बंदरावर उभी राहील, तू कॉलेज सोडून तिकडं चकरा मारशील आणि एक दिवस ते सांगतील की होत नाही. मग ती परत आणणं पण अवघड, ३ वर्षांचा नियम वर सांगितलाच आहे, तो आडवा येऊ शकतो. तुझ्या बाबांची गाडी परक्या बंदरात पडून राहिलेली मला बघवणार नाही, म्हणून नको म्हणतोय. खर्चाचा मुद्दाच नाही यात.

पण विकलीच पाहिजे असं कुठं आहे? गाडी इथं ठेव. फक्त ठेवायची कशी ते ऐक, कारण नुसती शेडमध्ये उभी केली तर दोन वर्षांत ती गाडी राहत नाही. पहिलं, गाडी अजून बाबांच्याच नावावर असेल. वारसानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि ३ महिन्यांत फॉर्म ३१ वर नावावर करून घ्यायचं असा नियम आहे, ती मुदत तुमची गेलीय, उशिराचा दंड भरून होतं, काळजी करू नकोस, पण तू जायच्या आधी झालं पाहिजे. तुझ्या नावावर करू नकोस, आईच्या नावावर कर, कारण तू नसताना प्रत्येक सहीला अडेल. विमा पण आईच्या नावावर, नाहीतर क्लेमच्या वेळी कंपनी हात वर करते. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, म्हणजे २०२७ ला तपासणी करून, ग्रीन टॅक्स भरून पुढच्या ५ वर्षांसाठी वाढवता येतं. ती तारीख आरसीवर बघून आईच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहून ठेव.

चालवायला माणूस बघ. आई चालवत नसेल तर मामा, आत्या, शेजारचा कुणी विश्वासाचा, ज्याच्याकडं लायसन्स आहे असा. आठवड्यातून एकदा निदान अर्धा तास, नुसती चालू करून उभी नाही, रस्त्यावर, पार होटगीपर्यंत जाऊन यायची. टायरमध्ये हवा दोन पॉइंट जास्त ठेवायची, उन्हाळ्यात वर कापड घालायचं कारण आपल्या मेच्या उन्हात डॅशबोर्ड तडकतो. उंदीर वायर खातात, बोनेटखाली बघायला सांगायचं. हे सगळं जड वाटतं पण महिन्याला फार खर्च नाही.

आणि आईला एकदा शांतपणे विचार की ती विक का म्हणते. कधी कधी घरातल्या बाईला ती गाडी रोज दारात उभी दिसलेली सहन होत नसते आणि आपल्याला वाटतं की ती व्यवहाराचं बोलतेय. तसं असेल तर गाडी काही महिने मामाच्या दारात राहू दे. तू डिसेंबरात सुट्टीला आलीस की जानेवारीत गड्डा आहेच, आईला शेजारी बसव आणि तूच चालव.